डावीकडे, मागून दुसरं बाक

सोमवार, ७ जुलै

मुकादम, भटक्या आणि गोडबोल्या हे तिघे आज एकदाचे संगणकावर उतरले. ही त्यांची खरी नावं नव्हेत. खरी नावं लिहिली की आपण जाहिरात लिहितोय असं वाटतं. तिन्ही सॉफ्टवेअर एकाच कामाची. आवाज समोरच्या दोन स्पीकरांतून न येता चहूबाजूंनी, डोक्यावरून, पाठीमागून यायला हवा, म्हणजे ऐकणारा गाण्यासमोर नाही तर गाण्याच्या आत बसतो. मेलबर्नच्या स्टुडिओत मुकादमाबरोबर माझी दहा वर्षं गेली, पण तो स्टुडिओच्या मालकीचा. इथे आमच्या बेटावर, रारोटोंगात, मी बाबांच्या गॅरेजमध्ये बोटीची इंजिनं बाजूला सारून बारा छोटे स्पीकर टांगलेत. तिघेही महिनाभरासाठी फुकट वापरून बघायचे, त्यातला एक ठेवायचा.

कारण चर्चचं छत. वाळवीने पोखरलंय, ऑगस्टमध्ये उतरवणार आहेत. नवं छत आलं की आवाज बदलेल. त्याआधी आपल्या गावाचं इमेने तुकी, म्हणजे रविवारी सगळे मिळून गातात ते भजन, आत बसून जसं ऐकू येतं तसं टिपायचं आणि ऑकलंडच्या हॉलमध्ये तिकडे जाऊन राहिलेल्या आपल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना ऐकवायचं. त्यांना आता विमानप्रवास झेपत नाही. गाणाऱ्यांचे म्होरके, अख्खं गाव ज्यांना पापा म्हणतं ते पापा तामारुआ, सकाळी येऊन अट घालून गेले.

"मी हो म्हटलं तर जाईल. नाही म्हटलं तर पुसायचं. सगळं. फोनमधलंपण."

"पापा, एवढी मेहनत पुसायची?"

"पोरी, गाणं मेहनतीचं नाही. गावाचं आहे."

ऑकलंडचा कार्यक्रम दोन ऑगस्टला, माझं मेलबर्नचं तिकीट पाच तारखेचं. मार्चमध्ये आईच्या अंत्यविधीला महिनाभर म्हणून आले आणि जुलै उजाडला. स्टुडिओ विचारतोय. बाबा काहीच विचारत नाहीत. ते घरात तसेही बोलत नाहीत.

शनिवार, १२ जुलै

रेकॉर्डिंग झालं. प्रत्येकाच्या कॉलरला बारीक माईक, छताच्या तुळईला चार. पुढे बायका, त्यांच्या पाठीला खेटून मागे पुरुष. बायका सूर उचलतात आणि पुरुष पोटातून हुं, हुं असे धक्के देतात. ओळ संपली की सगळे मिळून खाली घसरतात, सकाळी पाण्यात शिरणाऱ्या होडीसारखे. बाबाही पुरुषांत होते.

लहानपणी आम्ही रविवारच्या शाळेतली पोरं पुढच्या बाकांवर, पाद्रीसाहेबांच्या नजरेखाली बसायचो. मागे वळून बघायची बंदी. त्यामुळे हे गाणं मी सगळं बालपण मानेमागून ऐकलं, कोण कुठे बसतं ते कधी पाहिलंच नाही. तेराव्या वर्षी शिकायला न्यूझीलंडला गेले ती गेलेच.

एकच कटकट झाली. डावीकडे, मागून दुसऱ्या बाकावर, तांगी काकू आणि कुरा काकूंच्या मध्ये अख्खं माणूस मावेल एवढी जागा.

"तांगी काकू, जरा सरकून बसा ना. मध्ये भगदाड पडलंय."

"असू दे गं. उकडतं."

"जुलैत? कुरा काकू शाल गुंडाळून बसल्यात!"

कुरा काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. तांगी काकूंनी त्या जागेवर हातातला पंखा ठेवला आणि लगेच उचलून मांडीवर घेतला. तेवढ्यात पापा ओरडले, "तू माईक लाव. माणसं बसवायचं काम माझं."

म्हातारी माणसं एकदा बसली की हलत नाहीत. मशीनवर बघून घेईन.

रविवार, १३ जुलै

बाबा चर्चला गेले. मी गेले नाही, काम होतं. मार्चनंतर प्रार्थनेला गेलेच नाहीये, दर वेळी काही ना काही निघतं. आज मुकादमात सगळे आवाज भरायचे होते. येताना बाबांनी केळीच्या पानात गुंडाळलेलं रुकाऊ, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, आणलं. कोणी दिलं विचारलं तर म्हणाले, "तांगीने. तुझ्यासाठी." तांगी काकू अशा अचानक का पाघळल्यात कळत नाही. कालच्या उकडण्याबद्दल ओशाळल्या असतील.

बुधवार, १६ जुलै

मुकादमाची परीक्षा संपली. शिस्तीचा, कधी कोलमडत नाही, पण प्रत्येक गोष्टीला आधी परवानगी काढा, मग रांगेत उभे राहा. पुरुषांचे आवाज त्याने मागच्या दोन स्पीकरांत कवायतीला उभे केल्यासारखे उभे केले. आणि ते भगदाड! मुकादमात ते उघडंनागडं दिसतं. डावीकडे तांगी काकू, उजवीकडे कुरा काकू आणि मध्ये काहीच नाही, पडलेल्या दातासारखं. ऐकताना जीभ सारखी तिकडेच जाते.

संध्याकाळी ऑकलंडहून इना मावशीचा फोन. आईची धाकटी बहीण. गुडघ्यांमुळे तिला मार्चमध्ये येता आलं नव्हतं. अंत्यविधी तिने फोनवरच पाहिला, तोही आईला कबरीत उतरवताना तुटला.

"कार्यक्रम किती वाजता? मी सगळ्यात पुढे बसणार."

"मावशी, पुढेमागे काही नसतं. सगळीकडून ऐकू येतं."

"मग खुर्च्या कशाला मांडल्यात?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

शनिवार, १९ जुलै

भटक्याची परीक्षा. हा दिसायला गबाळा, याच्या बटणांवर काय लिहिलंय ते वाचायला भिंग लागेल, आणि सांगितल्याशिवाय काडी हलवत नाही. पण कुठलाही आवाज उचला आणि हवा तिथे नेऊन ठेवा, हा हूं की चूं करत नाही. म्हणून मी जरा हात मोकळा सोडला. कुरा काकूंचा आवाज गोड, तो पार उजव्या टोकाला नेऊन ठेवला. तोल छान साधला.

पापांनी दोन्ही काकूंना घेऊन ऐकायला यायचं ठरवलंच होतं. तिघे डोळे मिटून बसले. पहिलं कडवं संपायच्या आत कुरा काकू उठून उभ्या.

"मी तिकडे कशाला बसेन? ती पलीकडच्या वाडीची बाकं! माझा आजा कबरीतून उठून येईल!"

"काकू, हे नुसतं आवाजाचं..."

"आवाजाचंच म्हणतेय मी. माझा आवाज त्यांच्या बाकावर कसा?"

पापा डोळे न उघडता म्हणाले, "हिला घरी आण."

आणली. मग मी भगदाडासाठी माफी मागितली, ते बुजवून देईन म्हणाले. तांगी काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि उगाचच म्हणाल्या, "जेवतेस ना नीट?"

बाबाही आले होते. मासे ठेवायचं प्लास्टिकचं खोकं उपडं घालून नेहमीसारखे डाव्या कोपऱ्यात, पार मागे बसले. तिथे आवाज सगळ्यात वाईट येतो हे त्यांना दहा वेळा सांगून झालं. मधली खुर्ची झाडून ठेवली तरी खोकं घेऊन तिथेच. कोपऱ्यात वारा लागतो बहुतेक.

मंगळवार, २२ जुलै

गोडबोल्या. काय सांगू, लावता क्षणी सगळं सुंदर! स्वतःचा घुमारा आणतो, आवाजांना मध लावतो, कोणी बेसूर असेल तर न विचारता सरळ करतो. आणि तिथेच गोची. ओळीच्या शेवटी सगळे खाली घसरतात ती याला चूक वाटली. त्याने अख्ख्या गावाला धरून वर चढवलं. बाबा दारातून जात होते, थबकले, हसले. मार्चनंतर त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. "शाळेची पोरं वाटतात," म्हणाले, आणि गेले.

ते बंद केलं. पण याच्याकडे एक औजार भारी आहे. शेजारच्या आवाजावरून तो तिसरा आवाज तयार करतो, थोडा वेगळा, थोडा मागेपुढे. तांगी काकूंच्या आवाजावरून एक बाई बनवली आणि भगदाडात बसवली. खिंडार गायब! इतकं बेमालूम की मीच टाळी वाजवली.

तिघांत गोडबोल्या जिंकला असं धरून चालते. फाइल ऑकलंडला पोचवायला पुढच्या बुधवारपर्यंतची मुदत. पापांचं हो आलं की झालं.

शुक्रवार, २५ जुलै

उद्या शेवटचं ऐकणं. आज दिवसभर त्या बनवलेल्या बाईलाच घासूनपुसून नीट केलं. तीन वेळा जेवण गार झालं. बाबा ताट घेऊन दारात उभे राहिले आणि विचारलं, "ही कोण गातेय?"

"कोणी नाही. मशीन."

ते ताट तसंच घेऊन आत गेले. खोक्यावर बसले नाहीत.

शनिवार, २६ जुलै

लिहवत नाहीये, पण लिहिते.

गाणं सुरू झालं. तांगी काकूंच्या चेहऱ्यावर आधी हसू, मग कपाळाला आठी. मग त्यांनी डोळे उघडून सगळीकडे पाहिलं, खोलीत कोणी शिरलंय का ते शोधावं तसं.

"तिथे कोण बसलंय?"

मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "तुम्हीच! तुमच्याच आवाजातून काढलाय."

"मी?" त्यांचा आवाज चिरकला. "मला तिथे कोणी बसवलं? मी कधी बसले तिथे? चाळीस वर्षं तिच्या शेजारी बसले, मी तिची जागा घेईन? लोक काय म्हणतील ऑकलंडमध्ये? आकेवाई जाऊन चार महिने झाले नाहीत आणि तांगी पसरून बसली?"

आकेवाई माझ्या आईचं नाव.

पापांनी हात वर करून गाणं थांबवायला सांगितलं. बाबांनीच येऊन थांबवलं.

"तिला उठव तिथून," पापा हळूच म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगितलं का नाही कोणी?" मी ओरडले. पाहुण्यांसमोर, म्हाताऱ्या माणसांसमोर ओरडले. "मी उकडतंय म्हणून समजले! दोन आठवडे मी त्या जागेला भगदाड म्हणतेय!"

"आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे," कुरा काकू म्हणाल्या. "वाटलं, पोरीला बघवत नाही म्हणून ती असं बोलते. ज्याचं त्याने बोलावं."

मी पापांना विचारलं, हो की नाही. ते काठी टेकून उठले. "असं नाही जाणार. उद्या चर्चला ये. तुझी माईकची पेटी न घेता."

म्हणजे बुधवारच्या आत नवं झालं तर झालं, नाहीतर सगळं पुसायचं. ते गेल्यावर मी त्या बनवलेल्या बाईला पुसलं. आई गातानाचा एकही तुकडा माझ्याकडे नाही. दहा वर्षं जगभरचे आवाज गोळा केले, पाऊस, घोडे, पडणारे दगड, आणि आईचा नाही.

रविवार, २७ जुलै

गेले. कोणाकडे न बघता त्या बाकापर्यंत गेले आणि उभी राहिले. तांगी काकूंनी एका बाजूला पाय ओढून घेतले, कुरा काकूंनी दुसऱ्या. बसले. गात नव्हते, मला येतही नाही.

गाणं सुरू झालं आणि मला कळलं की मला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. बायकांचे आवाज कानांत आले, ते ओळखीचेच होते. पण पुरुषांचा पहिला हुं आला तो कानात नाही, पाठीत आला. दोन खांद्यांच्या मध्ये, हाताचा पंजा ठेवावा तसा. दुसरा आला, तिसरा आला. बाकाची फळी हलत होती, तिच्यावरून तो वर चढत होता. मी तर हे सगळे लोक मागे लांब, भिंतीशी नेऊन ठेवले होते, ऐकायला स्वच्छ लागतं म्हणून.

मागे वळून बघायची लहानपणीची बंदी मोडली. माझ्या पाठीमागे वीतभर अंतरावर बाबा होते. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. घरात दिवसाला चार शब्द बोलणारा हा माणूस माझ्या पाठीवर पोटातून ओरडत होता. इतकी वर्षं दर रविवारी तो इथेच बसून आईच्या पाठीवर असा ओरडत आलाय. गेले चार महिने त्याच्या समोर नुसती जागा होती, तरी तो ओरडत होता.

घरी परतताना रस्त्यात त्यांनी माझा हात धरला, मी पाच वर्षांची असल्यासारखा.

मंगळवार, २९ जुलै

दोन दिवस खपून सगळं नव्याने बांधलं. गोडबोल्याला काढून टाकला. त्याचा दोष नाही, त्याला रिकामी जागा बघवतच नाही. कितीही बंद केलं तरी कुठूनतरी घुमारा आणून तिथे ओततो. मुकादम पुरुषांना कवायतीतून सोडेना, भिंतीपासून हलवायचं तर दहा सह्या. राहिला भटक्या. स्वतःचं काही घालत नाही, सांगितलं तेवढंच करतो. त्याला सांगितलं, पुरुषांना उचल आणि बायकांच्या पाठीशी आण. बाबांना सगळ्यात जवळ. आणि तांगी काकू आणि कुरा काकूंच्या मध्ये एका बाईच्या रुंदीएवढी जागा, तिथे काहीही ठेवू नकोस. त्याने ठेवलं नाही. मी त्याच्यावर खूश आहे, त्याच्या गबाळ्या बटणांसकट.

संध्याकाळी सगळे आले. बाबांनी खोकं डाव्या कोपऱ्यात मांडलं आणि मी काही बोलले नाही. गाणं संपल्यावरही पापांचे डोळे मिटलेलेच. मला वाटलं झोपले.

मग म्हणाले, "ऑकलंडवाले विचारतील, तिथे कोण नाही म्हणून."

"मग? भरू का काहीतरी?"

"विचारू दे की." ते उठले. "जाऊ दे. हो. पाठव." दारात थांबून बाबांना म्हणाले, "आणि तू जरा कमी ओरडत जा. छत तुझ्यामुळेच पडायला आलंय."

फाइल रात्रभर गोगलगायीच्या चालीने वर चढत राहील. चढू दे.

शुक्रवार, १ ऑगस्ट

तिकडे शनिवार, इकडे अजून शुक्रवारच. चार वाजल्यापासून फोन हातात धरून बसले होते. साडेपाचला इना मावशीचा आला. मी विचारलं, कसं झालं. ती धापा टाकत होती.

"मावशी?"

"थांब. बसू दे." मग म्हणाली, "त्या हॉलमधल्या पोरीने मला मधल्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, आजी, इथे छान ऐकू येतं. येत होतं छान. तांगी म्हातारी झाली गं. कुराचा आवाज मात्र अजून तसाच. आणि दोघींच्या मध्ये... मी उठले. पोरगी धावत आली, आजी, पडाल, बसा. म्हटलं, मधे काय बसू? मी वॉकर घेऊन गेले तिथपर्यंत. लोकांनी खुर्च्या सरकवल्या. सगळ्यांना कळलं होतं मी कुठे चाललेय. उभी राहिले. इकडे तांगी, इकडे कुरा, आणि मागून तुझा बाप. देवा, काय ओरडतो! आकेवाई मला पत्रात लिहायची, हा घरी मुका आणि चर्चमध्ये माझी पाठ फोडतो."

बाबा ओट्यावर माशाचे खवले काढत होते. मी फोनचा आवाज मोठा केला. त्यांची सुरी थांबली.

"पहिल्या कडव्याला माझा आवाजच फुटला नाही," मावशी म्हणाली. "दुसऱ्याला तिची ओळ गायले. लहानपणी ती आजारी पडली की मीच गायची. अख्खी गायले. त्या दिवशी तुमचा फोन तुटला होता ना, तिला खाली सोडताना? आज पोचवलं मी तिला."

मी रडले. अंत्यविधीला लोक काय म्हणतील म्हणून आवरलं होतं, नंतर काम होतं. आज हुंदके देऊन, नाक पुसत, पोरासारखी रडले. मावशीने रडू दिलं. मग तिच्या नेहमीच्या दटावणीच्या सुरात म्हणाली, "झालं? परवा रविवार आहे. तू त्या जागेवर नुसतं तोंड बंद करून बसणार आहेस का?"

"मला ओळ येत नाही, मावशी."

"तुझ्या आईची ओळ तुला येत नाही?"

"मी पुढच्या बाकावर असायचे. मला सगळे एकत्रच ऐकू यायचे."

"मग आता ऐक. मी म्हणते, मागून म्हण."

तिने हळू म्हटलं. माझा पहिला सूर चुकला. ती म्हणाली, परत. दुसराही चुकला. तिसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत आले आणि पुढे काय ते आठवेना. तेवढ्यात पाठीमागून, अगदी खांद्यांच्या मध्ये, हुं आला. बाबा सुरी हातात धरून माझ्या मागे येऊन उभे होते. मावशी फोनवर हसायला लागली. मी पुढची ओळ उचलली.